नसलेलं अंजीर

बाटली टेबलावर ठेवा. उघडायची घाई नको. फ्रिजमध्ये असेल तर बाहेर काढा आणि थांबा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात, थंडीत जरा जास्त लागतात. काचेवर दव जमेल, ओघळेल, मग काच हळूहळू कोरडी होईल. बाटलीत एल आहे, एक प्रकारची बिअर; ती बारा ते चौदा अंश सेल्सियसला घ्यायची असते. त्याहून गार असेल तर तिच्यातले वास द्रवातच अडकून राहतात, वर उठत नाहीत, आणि ज्यासाठी आपण बसलो आहोत तेच हाती लागत नाही.

समोर आहे ती रोशफोर १०. बेल्जियमच्या दक्षिण भागात, वालोनियातल्या नामूर प्रांतात, एका मठात ती बनते. ३३ सेंटिलिटरची बुटकी बाटली, निळं बूच, मद्यार्क ११.३ टक्के. तुमच्याजवळ शिमेची निळी असेल, वेस्टव्लेतरेन १२ असेल किंवा सिंट बर्नार्डस ॲब्ट १२ असेल, तर तीही चालेल; घराणं एकच आहे. गडद, जोरकस, बाटलीतच पुन्हा आंबवलेली एल. आणि तुम्ही मद्य घेत नसाल, किंवा घेत होता आणि सोडलं असेल, तर बाटलीची काहीच गरज नाही. नुसतं वाचत बसा. आज ज्यावर मन लावायचं आहे त्यातलं बरंचसं घोटाच्या आधीचं आहे.

एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. या छोट्या बाटलीत जवळपास ३० ग्रॅम मद्यार्क आहे, म्हणजे एवढ्याच आकाराच्या, पाच टक्क्यांच्या साध्या बिअरच्या दोन बाटल्यांहून जास्त. म्हणून एक बाटली दोघांत घ्यावी, जेवण झाल्यावर घ्यावी, आणि त्यानंतर गाडीला हात लावू नये. तासाभराच्या आत ती संपवायची कुणालाही घाई नसावी.

आता डोळे मिटा. पाण्यापासून सुरुवात करू.

बाटलीत सगळ्यात जास्त पाणीच आहे. मठाचं नाव सां-रेमी. तिथलं पाणी त्रिदेन नावाच्या झऱ्याचं. तो झरा चुनखडीच्या खडकातून झिरपत येतो, आणि रोशफोर गावाच्या नळांनाही त्याचंच पाणी आहे. शेजारी चुनखडीची मोठी खाण आहे. ती आणखी खोल न्यायचा बेत होता. तसं झालं असतं तर भूजल उपसावं लागलं असतं आणि झरा आपल्या मनाने वाहायचा थांबला असता. हा वाद अनेक वर्षं चालला. २०२१ मध्ये लिएजच्या अपील न्यायालयाने मठाच्या बाजूने कौल दिला. मला या निकालाचं फार मोल वाटतं. पाणी पंपाने आणून दिलं असतं तर तेही पाणीच असतं असं म्हणता येईल. पण खडकातून किती वेळ आणि कुठल्या थरातून ते आलं, यावर त्यातले क्षार ठरतात आणि क्षारांवर पुढचं सगळं ठरतं.

चुनखडीतून आलेलं पाणी जड असतं. अशा पाण्यात फिक्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, बिअर केली तर तिचा कडवटपणा बोचरा होतो. गडद माल्टमध्ये मात्र जात्याच थोडा आंबटपणा असतो, आणि तो या क्षारांना सावरून घेतो. डब्लिनची काळी स्टाउट, म्यूनिकची तपकिरी लागर, या बिअरी त्या त्या गावात रुजल्या त्याला तिथलं जड पाणी हे एक कारण आहे. माणसांना रसायनशास्त्र कळायच्या कितीतरी आधी पाण्याने त्यांना कोणती बिअर करायची ते शिकवलं होतं. श्वास आत घ्या, सोडा, आणि त्या खडकाखालच्या अंधाराकडे थोडा वेळ मन राहू द्या. तिथे कसलाही वास नाही, रंग नाही. ग्लासात पुढे जे जे येणार आहे त्यातलं काहीच अजून तिथे नाही.

आता मठाकडे या. १२३० साली इथे सिस्टर्शियन पंथाच्या नन्सचा मठ सुरू झाला. १४६४ मध्ये नन्स गेल्या आणि त्यांच्या जागी पुरुष मठवासी आले. इथे बिअर होत असे याची नोंद १५९५ सालापासून मिळते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत मठ बंद पडला. पुढची जवळजवळ शंभर वर्षं इथे प्रार्थना नव्हती. १८८७ साली उत्तरेकडच्या आखेल मठातून काही मठवासी आले, त्यांनी पडकं पुन्हा उभं केलं आणि १८९९ साली ब्रुअरी पुन्हा सुरू झाली.

हे ट्रॅपिस्ट मठवासी. नॉर्मंडीतल्या ला त्राप मठात १६६४ साली रांसे नावाच्या मठाधिपतीने राहणीचे नियम पुन्हा कडक केले, तिथून सिस्टर्शियन पंथातला हा प्रवाह निघाला. ते मौनाची शपथ घेतात असं पुष्कळांना वाटतं. तशी शपथ नसते. गरजेपुरतं बोलायचं, एवढी शिस्त असते. जुन्या काळी रोजच्या कामासाठी त्यांच्या हाताच्या खुणा ठरलेल्या होत्या. उजाडायच्या बऱ्याच आधी उठायचं, दिवसाकाठी सात प्रार्थना, आणि मधल्या वेळात हाताने काम. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीने घालून दिलेला हा दिनक्रम आहे. त्याच नियमावलीत पिण्यावरही एक प्रकरण आहे, चाळिसावं. बेनेडिक्ट तिथे कबूल करतो की मठवाशांनी मद्य घेऊच नये असं सांगितलं जातं खरं, पण आताच्या मठवाशांना ते पटत नाही. तेव्हा निदान पोटभर पिऊ नये एवढ्यावर तरी एकमत व्हावं. मग तो रोजचं एक ठरावीक माप सांगतो आणि ज्यांना त्याशिवाय राहता येतं त्यांना वेगळं फळ मिळेल असंही म्हणतो. माणसाला ओळखून केलेला हा नियम आहे. कठोर असूनही त्यात माणसाबद्दल चीड नाही.

रोशफोरच्या बाटलीवर ट्रॅपिस्टांचा षटकोनी शिक्का दिसेल. तो मिळायला तीन गोष्टी लागतात. बिअर मठाच्या आवारातच बनावी, मठवाशांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनावी, आणि आलेला पैसा मठाच्या गुजराणीला व दानधर्माला जावा, कुणाच्या नफ्याला नाही.

बूच काढा.

आवाज ऐका. छोटा, तीक्ष्ण, आणि मग लगेच बाटलीच्या मानेत उठणारी खळखळ. हा वायू बाहेरून भरलेला नाही. बाटली भरताना तिच्यात थोडी साखर आणि ताजं यीस्ट घातलं जातं, बूच लावलं जातं आणि बाटल्या काही दिवस उबदार खोलीत ठेवतात. आतलं यीस्ट ती साखर खातं, तिथला उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतं आणि वायू सोडतं. बुचाखाली कोंडलेला तो श्वास आत्ता मोकळा झाला.

रुंद तोंडाचा, देठाचा ग्लास घ्या. तो आधी नुसत्या पाण्याने विसळलेला असावा, साबणाचा अंशही नको. तेलकट किंवा साबण राहिलेल्या काचेवर फेस टिकत नाही. ग्लास तिरका धरा आणि काचेच्या कडेने सावकाश ओता. अर्ध्यावर आल्यावर ग्लास सरळ करा म्हणजे फेस वर येईल. बाटलीत बोटभर द्रव राहू द्या. त्यात यीस्टचा साका आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

उजेडासमोर धरा. लांबून काळा दिसणारा रंग कडेला लालसर होतो, शिसवीच्या जुन्या लाकडावर दिवा पडावा तसा. फेस फिकट तपकिरी, दाट. हा रंग आला कुठून? जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, भाजतात. त्याचं माल्ट होतं. भाजताना त्यातली साखर आणि प्रथिनांचे तुकडे एकमेकांत गुंततात आणि तपकिरी रंगाचे शेकडो नवे रेणू तयार होतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच वैद्यकाने १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं आणि तिला त्याचंच नाव पडलं. दुसरा रंग साखरेचा. बेल्जियममध्ये साखर उसाची नसते, बीटाची असते. नेपोलियनच्या काळात समुद्रमार्ग अडले तेव्हापासून युरोपात बीटाची साखर मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. ती आटवून, करपवून गडद केलेली साखर या घराण्यातल्या एलींना घालतात.

आता नाक ग्लासाकडे वळवा, पण अजून लांब ठेवा. हातभर अंतरावरून पहिला वास घ्या. मग फेसाच्या अगदी वर, छोटे छोटे श्वास, दोन-तीन. मग ग्लास एकदा फिरवा आणि पुन्हा. मध्ये थांबा. नाक लवकर थकतं; आपल्याच मनगटाचा वास घेतला की ते पुन्हा ताजं होतं.

काय आलं? घाई न करता येऊ द्या. आधी बहुतेक पावाची भाजलेली कड येते. मग अंजीर, वाळलेलं. मनुका. खारीक. आलुबुखार. मग थोडं खोल गेल्यावर लवंग, जरा मिरी, आणि कुठेतरी मागे पिकून काळं पडलेलं केळं. कोको. क्वचित बडीशेप. आणि या सगळ्याखाली एक वास, जो मला दर वेळी कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात नेतो: कढईत रस आटत आलेला, काकवी व्हायच्या बेताला, धूर आणि गोडवा एकत्र. बिअरवर लिहिणारे इंग्रज या ठिकाणी त्यांच्या नाताळच्या फळांच्या केकची आठवण काढतात. त्यांना ते दिसावं, मला काकवी दिसावी, हे मला अगदी योग्य वाटतं. मठवाशांनी ग्लासात आपापली आठवण ओतायला जागा ठेवली आहे.

आता मुख्य गोष्टीशी थांबा. बाटलीत काय काय गेलं याची यादी फार छोटी आहे. पाणी, जवाचं माल्ट, थोडा गव्हाचा स्टार्च, साखर, हॉप्सची कडवट फुलं, यीस्ट, आणि किंचित धणे. अंजीर नाही. मनुका नाही. लवंग नाही, केळं नाही, कोको नाही. तुमच्या नाकाला जे जे स्पष्ट ओळखू आलं त्यातलं काहीही या बिअरमध्ये कुणी घातलेलं नाही. पुन्हा वास घ्या, हे मनात धरून.

तरी अंजीर आहे. तुम्हाला ते आलं, आणि तो भास नव्हता. केळ्याच्या वासामागे एक विशिष्ट रेणू असतो, आयसोअमाइल ॲसिटेट. यीस्ट साखर खाताना तोच रेणू तयार करतं. लवंगेची आठवण करून देणारा ४-व्हायनिल ग्वायाकॉल हाही यीस्टचाच, जवाच्या सालीतल्या एका आम्लापासून केलेला. सुक्या फळांच्या, शिजवलेल्या आलुबुखाराच्या वासात बीटा-डॅमासेनोन नावाचा एक रेणू येतो. तो गुलाबाच्या अत्तरातही सापडतो आणि जुन्या होत जाणाऱ्या जोरकस बिअरमध्येही वाढत जातो. झाडाने केलेला रेणू आणि यीस्टने केलेला रेणू यांत फरक नसतो. नाकाला फसवलं जात नाही. अंजिराचं झाड नसताना, अंजीर वाळवणारं ऊन नसताना, विस्तव आणि यीस्ट या दोघांनी मिळून अंजिरापर्यंत वेगळी वाट काढली.

माणसाच्या नाकात वास टिपणारे साधारण ४०० प्रकारचे ग्राहक असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना वासाच्या ग्राहकांच्या शोधासाठी २००४ साली नोबेल मिळालं. एकच रेणू अनेक ग्राहकांना कमी-जास्त जागं करतो आणि त्या सगळ्यांच्या मेळातून मेंदू ओळखतो: हे अंजीर. बाकीच्या संवेदना मेंदूत एका मधल्या थांब्यावरून पुढे जातात. वास मात्र आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांशी जवळून, जवळजवळ थेट जोडलेला आहे. म्हणून वास आला की नाव सुचायच्या आधी जागा आठवते, माणूस आठवतो. आत्ता कुणी आठवलं असेल तर त्या व्यक्तीला थोडा वेळ बसू द्या. तिच्याकडून काही नको. पुन्हा श्वासाकडे या.

पहिला घोट. चमचाभरच घ्या. जिभेवर पसरू द्या, टाळूला लावा, गिळू नका.

सुरुवातीला बुडबुड्यांचा बारीक चावा लागतो. मग गोडवा येतो, रुंद, सावकाश. मग ऊब. आता गिळा, तोंड बंद ठेवा आणि श्वास नाकातून सोडा. ही पायरी फार महत्त्वाची आहे. गिळल्यानंतर घशाच्या मागून वर जाणारी हवा वास पुन्हा नाकाकडे नेते. ज्याला आपण चव म्हणतो त्यातली मोठी बाजू हीच. खात्री करायची असेल तर पुढचा घोट नाक चिमटीत धरून घ्या. गोड, कडू, थोडं आंबट, गरम. बस. मनुका गेल्या, लवंग गेली, भाजलेला पाव गेला. आता चिमूट सोडा. सगळं एकदम परत येतं, आणि ते परत येताना जे वाटतं त्याला मी आनंदच म्हणेन, दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.

गोडव्याकडे परत चला, कारण तिथे एक गोष्ट लपली आहे. बाटलीवरचा १० हा आकडा मद्यार्काचा नाही. जुन्या बेल्जियन मापात, आंबवण्याआधी रसाची घनता १.१०० भरली तर त्याला १० अंश म्हणत. प्रत्यक्षात ही एल त्याच्या किंचित खाली असते. म्हणजे यीस्ट पडायच्या आधी, ही बिअर व्हायच्या आधी, तो रस किती दाट, किती गोड होता, त्याची खूण लेबलावर राहिली आहे. त्या रसातली बहुतेक साखर आता उरलेली नाही. करपवलेली बीटाची साखर तर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं. जेवढी साखर घालाल तेवढी ही एल जिभेवर हलकी आणि कोरडी होते. नुसत्या माल्टवर इतका मद्यार्क आणायचा म्हटलं तर पाकासारखं जड पेय झालं असतं, दोन घोटांत कंटाळा आला असता.

मग गोड लागतं ते काय? मद्यार्काला स्वतःचा थोडा गोडवा असतो. यीस्टला न पचलेल्या काही साखरा उरतात, पण त्या फारशा गोड नसतात, अंग भरतात एवढंच. आणि तिसरं म्हणजे वास. अंजीर, मनुका, काकवी हे वास आयुष्यभर गोडाबरोबरच आलेले असल्यामुळे, ते आले की मेंदू जिभेवरचा गोडवाही वाढवून सांगतो. साखर गेली, तिचा रंग, तिचा करपट सुवास आणि तिची ऊब मागे राहिली, आणि आपण त्या सगळ्यांकडून तिला पुन्हा ओळखतो. मला या एलमध्ये जे काही गाठतं ते इथे गाठतं. आणखी एक घोट घ्या आणि गोडवा शोधा. तो जिथे आहे असं वाटतं तिथे जीभ न्या. तिथे तो सापडत नाही, किंचित बाजूला असतो.

ऊब छातीपर्यंत उतरली असेल. मिरची झोंबते ती ज्या ग्राहकामुळे, मज्जातंतूंवरचा तोच ग्राहक मद्यार्कानेही जागा होतो. पण इथे ती ऊब टोचत नाही, कारण हा मद्यार्क सावकाश मुरलेला आहे. मागोमाग कडवटपणा येतो, थोडा हॉप्सचा, थोडा भाजलेल्या माल्टचा, कोकोच्या जवळचा. आणि शेवटी काळ्या चहासारखी किंचित तुरट कोरड. ही कोरड आली की तोंड स्वच्छ होतं आणि पुढच्या घोटाची वाट मोकळी होते. हा शेवट नसता तर ही एल नुसती श्रीमंत झाली असती.

ग्लास खाली ठेवा. पाणी प्या. दोन घोटांमध्ये निदान दहा श्वास जाऊ द्या, मोजून नको, अंदाजाने.

इतकी जोरकस बिअर बेल्जियममध्ये का फोफावली, याचं एक कारण कायद्यात आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, एमिल वांदरवेल्दे या समाजवादी मंत्र्याने पुढाकार घेतलेल्या कायद्याने कॅफे आणि गुत्त्यांमधून कडक दारू विकायला बंदी आली. कामगारांच्या घरातली दारिद्र्याची झळ कमी व्हावी हा हेतू होता आणि तो खराच होता. बिअरला बंदी नव्हती, आणि कॅफेत बसणाऱ्याला थोड्यात ऊब हवी होती. जोरकस एलींना गिऱ्हाईक मिळालं. तो कायदा पुढे साठ वर्षांहून जास्त टिकला. दारूचा प्रश्न कायद्याने किती सुटतो हा वाद आपल्याकडे वर्धा-गडचिरोलीतल्या दारूबंदीच्या निमित्ताने चालूच असतो, आणि या ग्लासासमोर बसून तो विसरावा असं मला वाटत नाही. हेच रसायन एखाद्या घराची राख करतं. बेनेडिक्टचं माप मला म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवतं.

बेल्जियमच्या बिअरबद्दल आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर-डिसेंबर २०१६ मध्ये आदिस अबाबा इथे युनेस्कोची बैठक झाली. माणसाच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्या एकाच बैठकीत बेल्जियमची बिअर-संस्कृती आली आणि भारताचा योगही आला. दोन्ही नावं शेजारी बसवायला पुष्कळांना अवघड वाटेल. मला वाटत नाही. श्वासाकडे पाहणं दोन्हींकडे आहे. इथे आपण आत्ता तेच करतो आहोत.

एव्हाना एल कोमट झाली असेल. पुन्हा वास घ्या. मघाचा पाव मागे गेला आहे. कोको पुढे आला आहे, मिरी स्पष्ट झाली आहे, आणि पोर्ट वाइनसारखा दाट, जुनाट गोड वास वर येतो आहे. फेस खाली बसला आहे, काचेवर त्याची जाळी उरली आहे. धणे शोधा. मला ते याच टप्प्यावर सापडतात, संत्र्याच्या सालीसारखे, क्षणभर. ते शोधायला लागलं की हरवतात. कधी सापडतच नाहीत, आणि तेही ठीक आहे.

आता त्या आखेलच्या माणसांकडे मन न्या, ज्यांनी १८८७ साली रोशफोरचं पडकं उभं केलं. आखेलमध्येही बिअर होत असे आणि तिच्यावर तोच षटकोनी शिक्का होता. मठवासी म्हातारे होत गेले, नवे येईनात. शेवटचे मठवासी तिथून गेले आणि २०२१ साली शिक्काही गेला, कारण देखरेख करणारं कुणी उरलं नाही. बिअर पुढेही होत राहिली, पण मठाची म्हणून नाही. ज्या घराने दुसरं घर वसवलं ते रिकामं झालं आणि वसवलेलं अजून चालू आहे. युरोपातल्या बहुतेक मठांपुढे आज हाच प्रश्न आहे. रोशफोरमध्ये पुढच्या पन्नास वर्षांत काय होईल ते माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. पण ग्लासातली ही एल रोशफोरला झाली तेव्हा कुणीतरी उजाडायच्या आधी उठलं होतं, प्रार्थना म्हटली होती, आणि मग कामाकडे वळलं होतं. त्या माणसांचं नाव तुम्हाला माहीत नाही. त्यांच्यासाठी एक श्वास द्या. कुठल्या धर्माचं असायची त्यासाठी गरज नाही.

बाटलीतला साका उरला आहे. काही जण तो तसाच टाकून देतात, कारण तो ओतला की एल गढूळ होते आणि चव जाडसर, पिठाळ होते. काही जण बाटली हलकेच फिरवून तो वेगळ्या छोट्या ग्लासात घेतात. मी ग्लासात दोन घोट उरल्यावर साका त्यातच ओततो. आधी स्वच्छ एल जाणून घ्यावी आणि मग, ज्याने हे सगळं केलं त्या यीस्टचीही चव घ्यावी, असं मला वाटतं. त्याच्यात कच्च्या पिठाची, ओल्या पावाची, जरा कडूसर मातीची चव असते. देखणी नाही. पण अंजीर, केळं, लवंग हे सगळं या करड्या चिखलातून आलं आहे, आणि तो जिभेवर आला की ते खरं वाटायला लागतं. पोट नाजूक असेल तर मात्र साका टाळा.

तुमच्याजवळ दुसरी बाटली असेल तर ती आज उघडू नका. अशा एली काही वर्षं टिकतात आणि बदलतात. उजेड आणि उष्णता त्यांना मारतात, त्यामुळे पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली बाटली दोन महिन्यांत बिघडेल; फ्रिजच्या सगळ्यात कमी गार कप्प्यात ठेवा. काळ जाईल तसा हॉप्सचा कडवटपणा मावळतो, मनुका आणि आलुबुखार वाढतात, शेरीसारखा एक खारट, सुक्यामेव्याचा वास येतो. मला ही एल दोन-तीन वर्षांनी सर्वांत जवळची वाटते. लवंग मात्र तोवर बरीच विरलेली असते. ज्यांना लवंग हवी त्यांनी ती ताजीच उघडावी.